बिनआवाजाची वरात

खारवळच्या जमातीने, म्हणजे मोहल्ल्यातल्या पंचांनी, तो नियम केला, त्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलली होती महरीन. बायकांनी बैठकीला यायची पद्धत नव्हती, म्हणून ती दारात चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि तिथूनच बोलली. शाळेत शिकवत असल्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. आतली माणसं आधी चपापली, मग ऐकू लागली आणि शेवटी माना डोलावू लागली.

नियम साधा होता. निकाह वाचायच्या आधी जमातीतली दोन वडीलधारी माणसं नवऱ्यामुलाजवळ बसतील आणि त्याच्याशी बोलतील. त्याने दारू किंवा दुसरी कसली नशा केलेली आढळली, तर त्याचा निकाह खारवळात वाचला जाणार नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

हे तिला का सुचलं, ते मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. तिची थोरली बहीण मासूमा. मासूमाच्या निकाहाला नवरामुलगा गाडीतून उतरला तोच झुलत. बायका म्हणाल्या, प्रवासाने थकलाय. पुरुष म्हणाले, सकाळपासून उपाशी असेल बिचारा. मासूमाने तो थकवा पुढे अंगावर झेलला, बरीच वर्षं झेलला, आणि एका दुपारी हातात एक पिशवी घेऊन माहेरी परत आली. तेव्हापासून ती मोहल्ल्यात मागच्या अंगणापलीकडे फारशी कोणाला दिसली नव्हती. ज्यांनी तेव्हा ‘थकलाय’ म्हटलं होतं, त्यांच्यापुढे यायची तिलाच लाज वाटे. असं जगात होतं खरं.

मोहल्ल्यातली पोरं त्या नियमाला ‘महरीनचा नियम’ म्हणत. नियमात अजून कोणी सापडला नव्हता. पहिला सापडला तो महरीनचाच नवरामुलगा.

झैन राजापूरचा. एका इंजिनिअरच्या कचेरीत घरांचे नकाशे काढायचा. महरीनला बघायला आला, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. वर पंख्याकडे पाहत बसला. दोन्हीकडची माणसं खाकरू लागली. मग तो म्हणाला, “तुमच्या पंख्याचं एक पातं फार आवाज करतं. तो बंद केला, तर मला तुमचं बोलणं नीट ऐकू येईल.” महरीन उठली आणि तिने पंखा बंद केला. मे महिना होता. बाकीची माणसं घामाने निथळली, पण ते दोघं बोलत राहिले.

“मला ऑटिझम आहे,” त्याने त्याच दिवशी सांगितलं. “जन्मापासून आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते मोठेपणी. आवाज, उजेड, वास मला तुमच्यापेक्षा जास्त लागतात. गर्दीत माझी चाल बिघडते. शब्द अडकले, की समोरच्याचेच शब्द तोंडातून परत निघतात. उत्तर द्यायला मला वेळ लागतो. आणि खोटं बोलणं मला जमत नाही. मी लगेच पकडला जातो.”

महरीनला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

पुढे ते भेटत राहिले, कधी भाट्याच्या किनाऱ्यावर, कधी मांडवीला, मासूमाला बरोबर घेऊन. मासूमा थोडी लांब बसे. ती फारसं बोलत नसे आणि झैनही तिला बोलायला लावत नसे, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

वडिलांना, नझीरना, जावई पसंत होता. पण ते म्हणाले, “हे ऑटिझम-बिटिझम मोहल्ल्यात सांगत बसू नका. लोक वेडा म्हणतील.”

“मला कोणी विचारलं, तर मी सांगणार,” झैन म्हणाला.

“असं कोण विचारतो, बाबा?” नझीर हसले.

आणि खरोखरच, असं कोणी विचारलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं.

निकाहाच्या दिवशी नझीरच्या घरापुढे मांडव घातला होता. पडवीला हिरवा पडदा लावून आत बायका बसल्या होत्या. महरीन पडद्याला लागूनच बसली होती, तिथल्या फटीतून मांडव दिसत होता. मासूमा पाठीमागे भिंतीला टेकून होती.

झैनने वाजंत्री नको म्हणून सांगितलं होतं. त्याच्या मामांनी ‘हो, हो’ केलं आणि आयत्या वेळी राजापूरहून बँड आणला. एकुलत्या एका भाच्याला मुक्याने कसं न्यायचं? गाडी दारात थांबली, तसे ताशे, ट्रम्पेट आणि फटाके एकदमच सुरू झाले. त्यात बंदराकडे जाणारा एक ट्रक वरातीमुळे अडकला होता, तोही भोंगा वाजवत होता.

महरीनने फटीतून पाहिलं. झैन चवड्यांवर चालत होता. एक हात गाडीला, मग कंपाउंडच्या भिंतीला, मग मांडवाच्या खांबाला. मध्ये खांब नव्हता तिथे तो झोकांडी खाऊन एका खुर्चीवर आदळला. कोणीतरी अत्तर शिंपडलं. त्याने तोंडावरचा फुलांचा सेहरा ओढून काढला, जवळ उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कोंबला आणि दोन्ही हात कानांवर धरले.

“काय गो हे,” एक बाई पुटपुटली. “थकलाय की काय?”

मासूमाने डोळे मिटले.

तपासायला बसले होते जमातीचे अध्यक्ष बशीर होडेकर आणि दादूचाचा. होडेकर सरळ, कडक माणूस. दादूचाचांची उभी हयात जहाजावर गेली होती. पिणारा माणूस आपण पाठमोरासुद्धा ओळखतो, असं ते नेहमी सांगत. बसायचं होतं त्यांना, पण आवाजामुळे दोघेही उठून झैनच्या पुढ्यात उभे राहिले.

“कुठून आलास, बाबा?” होडेकरांनी ओरडून विचारलं. गप्पांची सुरुवात करायची म्हणून.

“कुठून आलास, बाबा,” झैन म्हणाला.

“अरे, मी तुला विचारतो.”

“मी तुला विचारतो.”

“थट्टा करतोस काय रे?” दादूचाचा पुढे सरसावले. “माझ्या डोळ्यांत बघ.”

झैनने त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे बघितलं. तो पुढे-मागे डुलत होता.

“बोल. काय घेतलंस?”

या प्रश्नाचं उत्तर मात्र झैनजवळ तयार होतं. “गोळी घेतली,” तो म्हणाला.

पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्यांत पुढे सरकली.

“कसली गोळी?”

“चक्कर येऊ नये म्हणून. निवळीनंतर रस्त्याला वळणं फार आहेत.” त्याची जीभ जड झाली होती, शब्द ओढल्यासारखे येत होते. “तरी येतेच आहे.”

“किती घेतलीस?”

“अर्धी. अर्धी खिशात आहे. तुम्हाला हवी का?”

“ऐकलंत?” दादूचाचा मांडवाकडे वळले. “मलाच देतोय.”

होडेकरांनी मान खाली घातली. त्यांना यात आनंद नव्हता. नझीर त्यांचे बालमित्र. पण नियम केला तेव्हा तो कोणासाठीही मोडायचा नाही, असंही ठरलं होतं आणि ते वाक्यसुद्धा महरीनचंच होतं. ते काझीसाहेबांकडे गेले आणि हळू आवाजात काही बोलले. काझीसाहेबांनी कागद मिटून बाजूला ठेवले.

नझीर पडद्याआड आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“मी सांगतो, ऐक,” ते महरीनच्या कानाशी लागून म्हणाले. “त्याला ताप आलाय, असं सांगून पाहुण्यांना जेवायला बसवतो. पुढच्या महिन्यात राजापुरात निकाह वाचू. नियम खारवळचा. राजापुरात कोण विचारतो?”

सोपं होतं. खरं तर फारच सोपं. महरीनने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की मासूमाच्या वेळी सगळे असंच काहीतरी सोपं बोलले होते. ताप आलाय, थकलाय, उपाशी आहे. आज राजापूरला पळालो, तर खारवळ जन्मभर म्हणणार, की नियम करणारीनेच नियम चुकवला आणि पिणाऱ्याबरोबर गेली. आणि तो नियम उद्या कुठल्या मुलीच्या कामाला येणार?

आणखीही एक गोष्ट होती, ती तिला स्वतःशी कबूल करायला जड गेली. तिचा झैनवर विश्वास होता. पण मासूमाचाही आपल्या नवऱ्यावर होता, तिच्या निकाहाच्या दिवशी.

ती मागे वळली. “आपा,” ती म्हणाली, “तू जाऊन बघ. तुला कळतं.”

“मी?” मासूमा म्हणाली. “बाहेर?”

“दुसऱ्या कोणाला कळणार?”

मासूमा भिंतीचा आधार सोडून उठली. मग तिने पदर डोक्यावरून घेतला, पाण्याचा ग्लास भरला आणि पडदा बाजूला सारून सरळ मांडवात गेली. मागे बायकांत कुजबूज उठली. पुढे पुरुष आपोआप बाजूला झाले, वाट द्यावी म्हणून नव्हे, तर काय करावं ते न सुचल्यामुळे.

तिने वाकून ग्लास पुढे केला.

“खाली ठेवा, आपा,” झैन म्हणाला. “हातातून घेतला, तर सांडेल.”

तिने ग्लास स्टुलावर ठेवला. दोन्ही हातांनी ग्लास उचलून तो पाणी प्यायला. मासूमा तिथेच उभी राहिली. तिने परत येऊन महरीनला सांगायचं होतं, पण ती तिथेच बोलली.

“होडेकरचाचा, वास नाय.”

“गोळीला वास कुठला गो?” दादूचाचा म्हणाले.

“दादूचाचा, तुम्ही पिणारे जहाजावर बघितलेत. मी घरात बघितला.” तिचा आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. “मला एक सांगा. पिणाऱ्याला विचारलं, काय घेतलंस, तर तो काय सांगतो?”

दादूचाचांनी टोपी सारखी केली.

“‘काय नाय’ सांगतो,” मागून कोणीतरी म्हणालं.

“कसम खातो,” दुसरा म्हणाला.

“आईची,” तिसरा म्हणाला. त्याची आई शेजारी असती, तर त्याच्याकडे बघत राहिली असती, पण ती पडद्याआड होती. तरी तिथून खाकरण्याचा आवाज आलाच.

“मग?” मासूमा म्हणाली. “ह्याला विचारल्याबरोबर ह्याने सांगितलं, घेतली. किती घेतली, तेही सांगितलं. उरलेली तुम्हाला देऊ केली. असा पिणारा तुम्हाला कुठच्या बंदरावर भेटला?”

लोक हसले. दादूचाचा बोटांवर मोजू लागले. सगळी बंदरं आठवून झाल्यावर ते म्हणाले, “नाय भेटला.”

“ते ठीक,” होडेकर म्हणाले. “पण मग हा डुलतो कशाला? बोललेलं परत का बोलतो?”

मासूमाने पडद्याकडे पाहिलं. आपल्यापुरतं ती बोलून चुकली होती. आता पुढचं महरीनचं होतं. नझीरनी डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं.

“अब्बा,” महरीन हळूच म्हणाली, “लपवलं म्हणून ही वेळ आली.”

मग ती पडद्याआडून बोलली, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. “त्याला ऑटिझम आहे, चाचा. तो आजार नाही आणि वेडही नाही. त्याचं मन आणि शरीर तसं घडलेलं आहे. एवढा गोंगाट झाला, की त्याचा तोल जातो, शब्द अडकतात, तुमचेच शब्द परत येतात. डुललं, की त्याला बरं वाटतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्यानेच सांगितलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. ते आम्ही सांगितलं नाही, ती चूक आमची.”



“माझ्यासाठी नियम वाकवू नका,” ती पुढे म्हणाली. “पण पुरा पाळा. नियमात आहे, जवळ बसतील आणि बोलतील. तुम्ही समोर उभं राहून ओरडलात. बँड वाजत होता. बँड बंद करा. अत्तर आणि फुलं लांब न्या. त्याच्या बाजूला बसा, पुढ्यात नको. एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा.”

“किती वेळ?” हे काझीसाहेबांनी विचारलं.

“उत्तर येईपर्यंत.”

काझीसाहेब वयाने फार नव्हते, पण त्यांची बोलायची पद्धत म्हाताऱ्यासारखी सावकाश होती. “माझी अडचण वेगळीच आहे,” ते म्हणाले. “होकार शुद्धीतला हवा आणि ज्याचा त्याचा हवा. मी ‘कबूल आहे?’ म्हटलं आणि ह्याने माझाच शब्द परत केला, तर तो होकार मी कसा धरू?”

याचं उत्तर एकाच माणसाजवळ असू शकत होतं.

बँड थांबला. कोणीतरी जाऊन ट्रकवाल्याला वाट करून दिली. काझीसाहेब झैनच्या बाजूला बसले, दोघांची तोंडं एकाच दिशेला, बसमध्ये बसल्यासारखी. त्यांनी विचारलं, “झैन, तू शुद्धीत आहेस का, आणि हा निकाह तुला हवा आहे का?” आणि ते गप्प राहिले.

शेकडो माणसांना गप्प बसायची सवय नसते. आधी खुर्च्या कुरकुरल्या, मग कोणी खोकला आणि शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. हळूहळू सगळं निवलं. मागे चुलाणावर बिर्याणीच्या डेगची झाकणं हलत होती, तेवढं ऐकू येऊ लागलं. मग खाडीत भरतीचं पाणी धक्क्याला लागत होतं, तेही. झैनचं डुलणं हळूहळू कमी झालं. त्याने कानांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. महरीन पडद्याची कड मुठीत धरून बसली होती. ती काही सुचवणार नव्हती. हा शब्द त्याचाच यायला हवा होता.

“कबूल हा शब्द तुमचा आहे,” झैन शेवटी म्हणाला. त्याचा आवाज आता स्वच्छ होता, पुस्तक वाचल्यासारखा. “म्हणून मी आधी माझ्या शब्दांत सांगतो. मी शुद्धीत आहे. मी दारू घेत नाही, कारण तिचा वास मला सहन होत नाही. हा निकाह मला हवा आहे. मी पहिल्यांदा इथे आलो, तेव्हा पंखा बंद करा म्हणालो. महरीनने उठून बंद केला. कारण विचारलं नाही. मी घरी जाऊन विचार केला आणि ठरवलं. ते ठरवलेलं अजून तसंच आहे.” तो थोडा थांबला. “आता तुमचा शब्द विचारा.”

काझीसाहेबांनी कागद हातात घेतले. मांडवाने श्वास सोडला.

“एक राहिलं,” झैन म्हणाला.

“काय, बाबा?”

“तुम्ही मला तपासलंत. तिला तपासलं नाहीत. तिनेही काही घेतलेलं असू शकतं.”

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की रागवावं. झैन गंभीर होता. नियम चांगला असेल, तर तो दोघांना का नको, एवढंच त्याचं म्हणणं.

“बरोबर बोलतो पोरगा,” काझीसाहेब म्हणाले. “होकार तिचाही शुद्धीतलाच हवा. तिच्या वतीने होकार आणणारा वकील आणि साक्षीदार आत जाणारच आहेत. होडेकरसाहेब, तुम्हीही जा.”

होडेकर पडद्याशी आले. कडक माणूस, पण आता त्यांच्या मिश्या हलत होत्या. “काय गो महरीन,” त्यांनी मोठ्याने विचारलं, “काय घेतलंस?”

“चहा घेतला, चाचा,” महरीन म्हणाली. “अर्धा कप. अर्धा उरलाय. तुम्हाला हवा का?”

मांडव असा हसला, की झैनला पुन्हा कानांवर हात धरावे लागले. ते बघून दादूचाचा उठले, दोन्ही हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःचं हसू रुमालात कोंबलं.

निकाह वाचला गेला. महरीनचा होकार वकिलाने बाहेर नेला, झैनने ‘कबूल आहे’ म्हटलं, दर वेळी आधी थोडं थांबून, आणि त्या थांबण्यात कोणीही मध्ये बोललं नाही. दुआ झाल्याबरोबर बँडमास्तरने सवयीने काठी उचलली. ट्रम्पेटवाल्याने गाल फुगवले. दादूचाचांनी झडप घालून ट्रम्पेटच्या तोंडावर तळवा ठेवला. आतून बदकासारखा एक आवाज निघाला, तेवढाच.

जेवणं झाल्यावर होडेकरांनी मासूमाला हाक मारली. ती पडद्याआड गेली नव्हती, मांडवातच पाणी वाढत होती. “पुढच्या निकाहाला तपासायला तू बसशील?” त्यांनी विचारलं. “आम्हा दोघांना त्यातलं फार कळत नाय, ते आज दिसलं.”

“बसेन,” मासूमा म्हणाली. “पण आधी बँड बंद करायचा.”

नझीरचं तर वेगळंच चाललं होतं. राजापूरच्या पाहुण्यांपैकी कोणी विचारो वा न विचारो, ते ज्याला त्याला गाठून सांगत होते, “माझ्या जावयाला ऑटिझम आहे.” परगावाहून उशिरा आलेल्या एका नातेवाइकाला त्यांनी ते दोनदा सांगितलं. त्याला वाटलं, ती एखादी पदवी असावी. त्याने अभिनंदन केलं आणि नझीरनी ते घेतलं.

उन्हं कलली, तेव्हा वरात निघाली. मामा आता पहिले मामाच राहिले नव्हते, बँडच्या पुढे उभे राहून बोटाने ‘गप्प’ अशी खूण करत होते. ताशेवाल्यांनी ताशे पाठीवर टाकले, ट्रम्पेटं काखेत गेली, आणि बँडवाले आपले लाल कोट घालून नुसतेच तालात चालू लागले. त्यांच्या मागे झैन चवड्यांवर, एक हात महरीनच्या हातात. दुसऱ्या हाताला आता भिंत लागत नव्हती. मागे सगळा मोहल्ला.

वाजतगाजत वरात गेली असती, तर कोणी खिडकीतून डोकावलं असतं आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं असतं. पण एवढी माणसं, लाल कोट, फुलांनी सजवलेली गाडी, आणि आवाज काही नाही, हे बघायला घराघरातून माणसं बाहेर आली. जाळी विणणारे जाळी टाकून उठले. धक्क्यावर बोटी लावणारे बोटीत उभे राहिले. म्हाताऱ्यांना धरून दारात आणलं. आणि जो बाहेर आला, त्याने काय झालं ते खुणेनेच विचारलं, तोंडाने नव्हे. खारवळात इतकी मोठी वरात कोणाला आठवत नव्हती.

महरीन हसत होती. शेजारी झैन समोर बघत चालला होता, त्याचं डुलणं आता तालात होतं, बँडवाल्यांच्या पावलांशी जुळलेलं.

गाडीत बसायची वेळ आली, तेव्हा दादूचाचा मागून पुढे आले. “काय रे जावई,” त्यांनी कुजबुजत विचारलं, “कशी वाटली वरात?”

झैनने त्यांच्या वरच्या बटणाकडे बघितलं. त्याला थोडा वेळ लागला. दादूचाचा थांबले.

“चांगली होती,” तो म्हणाला. “फक्त शेवटी कोणीतरी चपला फरफटवत होतं. ते तुम्ही होतात.”

दादूचाचांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी दोन्ही चपला काढल्या, काखेत मारल्या, आणि गाडी राजापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तसेच अनवाणी, चवड्यांवर, तिच्या मागून चालत गेले.